गुरुवारची पेशी: कॅल्व्हिनच्या जिनिव्हात आणि पुढे

बखरवाला

ऑगस्ट १५४६. जिनिव्हातला आमी शापुई नावाचा न्हावी आपल्या मुलाला बाप्तिस्म्यासाठी चर्चमध्ये घेऊन आला. नाव घरात ठरलेलं होतं, क्लोद. पाळकाने पाणी शिंपडलं आणि मोठ्याने नाव घेतलं, 'अब्राहाम'. बापाने पोराला ओढून घेतलं, हा बाप्तिस्मा मला मान्य नाही म्हणाला, आणि भर उपासनेत गलका झाला.

क्लोद नावात एवढं काय वाईट? त्या भागात संत क्लोदचं मोठं प्रस्थ होतं. जुरा डोंगरात त्याचं ठाणं होतं, पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे यात्रेला जात. नव्या, म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मात संतपूजा बंद, म्हणून नावही बंद. त्याच वर्षी नगर परिषदेने निषिद्ध नावांची यादीच काढली. क्लोद गेलं, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांची नावं गेली (गास्पार, मेल्किओर, बाल्थाझार), 'नोएल'सारखी सणांची नावंही गेली. जेजुरीच्या पंचक्रोशीत उद्या कोणी 'खंडेराव' नावावर बंदी आणली तर काय होईल, ते डोळ्यासमोर आणा.

जिनिव्हात ही नवी घडी बसवणारा धर्मसुधारक म्हणजे कॅल्व्हिन. त्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी निघतात. एक म्हणजे सर्व्हेटस नावाच्या विद्वानाला पाखंडी ठरवून जाळलं ते, आणि दुसरी समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची 'प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही'. दोन्ही महत्त्वाच्या, पण दोन्हींत साधा माणूस सापडत नाही. मला गेले काही महिने नाद लागलाय तो कॉन्सिस्टरीचा, म्हणजे लोकांच्या वागणुकीवर नजर ठेवणाऱ्या चर्चच्या बैठकीचा. साध्या माणसाला कॅल्व्हिनपंथ भेटला तो तिथे.

पार्श्वभूमी थोडक्यात. कॅल्व्हिन फ्रान्सच्या नॉयाँ गावचा, जन्म १५०९, शिक्षण कायद्याचं. १५३६ मध्ये जिनिव्हातून नुसता पुढे निघाला होता, फारेल नावाच्या पाळकाने त्याला जवळजवळ शापवाणी उच्चारून थांबवून घेतलं. दोन वर्षांत गावाने दोघांनाही हाकललं. १५४१ मध्ये परत बोलावलं, तेव्हा त्याने आपली अट पुढे केली: चर्चच्या कारभाराचे नियम हवेत. त्या नियमांतून कॉन्सिस्टरी उभी राहिली. सगळे पाळक आणि त्यांच्या जोडीला १२ 'वडील', म्हणजे एल्डर. वडील पाळकांमधले नव्हेत, शहराच्या परिषदांमधून निवडलेले गृहस्थ. दोन छोट्या परिषदेतले, चार साठांच्या परिषदेतले, सहा दोनशेंच्या. आणि निवडताना बघायचं की प्रत्येक पेठेत एक तरी डोळा असेल.

दर गुरुवारी बैठक. ज्याला बोलावणं आलं त्याने उभं राहायचं. सुरुवातीच्या नोंदींत सगळ्यात जास्त काय दिसतं माहीत आहे? व्यभिचार वगैरे नाही. 'प्रार्थना म्हणून दाखवा' हे दिसतं. म्हाताऱ्या बायका बिचाऱ्या लॅटिनमधलं 'पातेर नोस्तेर' ('हे आमच्या पित्या' ही प्रार्थना) घडाघडा म्हणतात, जन्मभर तेच म्हटलेलं. तेच फ्रेंचमध्ये म्हणा म्हटलं की अडखळतात. मग हुकूम: प्रवचनाला येत जा, शिका आणि पुन्हा हजर व्हा.

कॉन्सिस्टरीला तुरुंगात टाकायचा किंवा दंड करायचा अधिकार नव्हता. समज द्यायची, समेट घडवायचा, प्रभुभोजनातून (भाकर आणि द्राक्षारस एकत्र घेण्याच्या विधीतून) वगळायचं, आणि फारच झालं तर परिषदेकडे पाठवायचं. प्रभुभोजन वर्षातून फक्त चारदा. आज आपल्याला वाटेल, वगळलं तर वगळलं. पण ज्या गावात सगळे त्या टेबलाशी जातात तिथे एकट्याने मागे बसणं म्हणजे काय, हे वाळीत टाकण्याचा इतिहास असलेल्या आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच, की हा पंथ आधी बैठक आणि वही होता, तत्त्वज्ञान नंतर. शाळा, गरिबांची पेटी, चुगलखोरी, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची हजेरी, हे सगळं त्या एकाच टेबलावरून चालायचं. चांगलं ठेवून वाईट काढून टाकू म्हटलं तर जमत नाही.

---

खडूस_काका

छान लिहिलंय, पण तुम्ही फार गोड करून सांगताय. पिएर आमो नावाचा माणूस पत्ते बनवायचा. (धंदा आधीच बसलेला!) १५४६ साली घरी जेवताना कॅल्व्हिनविरुद्ध बोलला. शिक्षा काय, तर नुसत्या सदऱ्यावर, हातात मशाल घेऊन गावभर फिरायचं आणि क्षमा मागायची. घरातलं बोलणं बाहेर गेलं कसं? तुमच्या त्या पेठेपेठेतल्या डोळ्यांमुळेच ना? आणि सर्व्हेटसला २७ ऑक्टोबर १५५३ ला शांपेलच्या माळावर जाळलं, ते बाजूला कसं सारता? गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० चं. त्याच्यावर आपण पानंच्या पानं लिहितो. मग इथे एवढा हळुवारपणा का?

---

बखरवाला

काका, हळुवार नाही. आमोच्या शिक्षेचा आग्रह खुद्द कॅल्व्हिनचा होता, परिषद कमी शिक्षेवर सोडायला तयार होती. सर्व्हेटसचा खटला मात्र परिषदेने चालवला, कॅल्व्हिन आरोप करणाऱ्यांच्या बाजूला. जाळण्याऐवजी शिरच्छेद करा, असं तो म्हणाला होता. याला कोणी दया म्हणत असेल तर म्हणो.

तरी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तेव्हाचे पाळक जवळजवळ सगळे फ्रान्समधून आलेले निर्वासित. खुद्द कॅल्व्हिनला जिनिव्हाचं नागरिकत्व मिळालं १५५९ च्या शेवटी, म्हणजे मरणाआधी साडेचार वर्षं! गावकऱ्यांना वाटायचं, हे कालचे उपरे आमच्या पोरांची नावं ठरवणार? क्लोदच्या भांडणात हे दुखणं धर्माच्या बरोबरीने होतं. लोकसंख्याच बघा: १५४० च्या सुमारास साधारण १० हजारांचं गाव, १५६० पर्यंत दुप्पट. १५५५ मध्ये स्थानिक पुढाऱ्यांचा गट मोडला, तो निर्वासितांना मताधिकार मिळाल्यावरच.

---

शंकासुर

एक भाबडी शंका. कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवलंय असं ज्यांचं मत, त्यांनी लोकांच्या मागे एवढं लागायचं कशाला? प्रारब्धात असेल ते होईल म्हणून गप्प बसायला हवं ना?

---

बखरवाला

भाबडी कसली, हीच खरी मेख आहे. शिस्त माणसाला स्वर्गात पोचवण्यासाठी नव्हतीच. एक तर प्रभुभोजनाचा मान राखायला होती: उघड भांडणारे, उघड पाप करणारे त्या टेबलाशी आले तर टेबल विटाळतं, अशी भावना. दुसरं म्हणजे पाप खपवून घेतलं तर देवाचा कोप अख्ख्या गावावर येतो ही धास्ती. प्लेग येतच होता, त्यामुळे धास्ती पोकळ वाटायची नाही. म्हणून चार दिवसांवर प्रभुभोजन आलं की दोन शेजारणींचं भांडण मिटवायची घाई. वहीत अशा समेटांच्या नोंदी ढिगाने आहेत.

---

व्याजमुद्दल

वेबरला एवढ्या झटकन बाजूला करू नका. १९०४-०५ च्या त्या लेखांत तो जिनिव्हाबद्दल फारसं बोलतच नाही. त्याचे नमुने आहेत सतराव्या शतकातले इंग्लिश प्युरिटन (तिथले कडवे कॅल्व्हिनपंथी), आणि मग बेंजामिन फ्रँकलिन. म्हणजे कॅल्व्हिननंतर शंभर-दोनशे वर्षांनी. तरण्यासाठी देवाने आपली निवड केली आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, त्या एकटेपणातून माणूस कामाला जुंपून घेतो, असं त्याचं म्हणणं.

व्याजाचं मात्र जिनिव्हातच सुरू होतं. १५४५ च्या एका पत्रात कॅल्व्हिन म्हणतो, व्याज मुळातच पाप नाही. गरिबाकडून घेऊ नये, घासून घेऊ नये. परिषदेने मर्यादा घातली ५ टक्के. आमच्या गावच्या सावकाराला हे कोणी ऐकवायला हवं होतं.

आणि ती घड्याळांची गोष्ट. दागिन्यांवर बंधनं आली म्हणून सोनार घड्याळांकडे वळले, असं सांगतात. त्यात तथ्य आहे, पण हात कुठून आले? फ्रान्समधून पळून आलेल्या कारागिरांचे. घड्याळजींची संघटना तिथे १६०१ मध्ये रीतसर झाली.

---

नदीकाठ

मी लायडनला राहते, तेव्हा डच बाजू मांडते. सगळे कॅल्व्हिनपंथी जिनिव्हासारखे नव्हते हो! इथे १५६६ च्या उन्हाळ्यात लोकांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, पुढे स्पेनशी ८० वर्षं युद्ध चाललं, आणि शेवटी जे गणराज्य उभं राहिलं त्यात रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनपंथी चर्चला मान होता, इमारती होत्या, पण सक्ती नव्हती. सभासद व्हायचं तर स्वतः विश्वास जाहीर करायचा आणि शिस्त मान्य करायची. त्यामुळे प्रवचनाला येणारे पुष्कळ, सभासद कमी. कॉन्सिस्टरीचा हात पोचायचा तो फक्त सभासदांपर्यंत. कॅथलिकांना उघड चर्च बांधायला बंदी, पण घरात बांधलं तर शहरवाले काणाडोळा करायचे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालव्याकाठच्या घराच्या माळ्यावर १६६३ चं असं एक अख्खं कॅथलिक चर्च आहे. बाहेरून व्यापाऱ्याचं घर, वर चढलं की वेदी, सज्जे, ऑर्गन. अ‍ॅमस्टरडॅमला आलात तर चुकवू नका. जिने भयंकर अरुंद आहेत, गुडघ्यांचा विचार करून या.

@व्याजमुद्दल, तुमच्यासाठी: १५८१ ला मिडलबर्गच्या धर्मसभेने ठरवलं की गहाणवट-सावकारी करणाऱ्या 'लोंबार्ड' मंडळींना प्रभुभोजनाला घ्यायचं नाही. म्हणजे भांडवलशाहीची राजधानी होऊ घातलेल्या देशात चर्च सावकाराला दारात उभं करतंय!

अवांतर: वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे पडके अवशेष कोणी पाहिलेत का? सतराव्या शतकात गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना तिथून रसद जायची. तिथे डच ईस्ट इंडिया कंपनीला मिरी आणि पोर्तुगीजांचं नाक कापणं यापलीकडे रस नव्हता. श्रीलंकेत मात्र वेगळं. तिथे कंपनीची नोकरी, जमिनीचे हक्क, लग्न हे सगळं रिफॉर्म्ड बाप्तिस्म्याशी जोडलेलं, आणि त्याच्या नोंदी शाळामास्तर ठेवायचा. त्या वह्यांना 'स्कूल थोंबो' म्हणतात. बखरवाला, तुमची वही तिथेही पोचली बघा.

---

चहा_बिस्कीट

वाचतोय. सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स आठवले. आमचे सेक्रेटरी मागच्या जन्मी जिनिव्हात वडील असणार.

---

दगडी_पाटी

एडिनबरातून. इथे कॉन्सिस्टरीला 'कर्क सेशन' म्हणतात. १५६० मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने पोपचा अधिकार नाकारला. जॉन नॉक्स जिनिव्हात राहून आलेला, त्याने तिथला साचा आणला. पण जिनिव्हात एका शहरात एक कॉन्सिस्टरी होती, इथे हळूहळू प्रत्येक पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला) एक. म्हणजे वडील म्हणून गावचा शेतकरी, लोहार, विणकर.

इथल्या वह्यांत सगळ्यात जास्त प्रकरणं लग्नाबाहेरच्या संबंधांची. शिक्षा म्हणजे पश्चात्तापाचं स्टूल. रविवारी भर उपासनेत सगळ्यांसमोर त्यावर बसायचं, साधारण तीन रविवार. कवी रॉबर्ट बर्न्सलाही १७८६ मध्ये मॉखलिनच्या चर्चमध्ये जाहीर कानउघाडणी ऐकावी लागली. पोटातलं मूल बाईचं गुपित राहूच शकत नव्हतं, पुरुष मात्र नाकबूल करू शकायचा, त्यामुळे ओझं बाईवर जास्त पडलं. पण दुसरी बाजू अशी की सेशन बापाचं नाव शोधून काढायचंच. मूल पॅरिशच्या गरीब-पेटीवर पडू नये हा त्यातला रोकडा हेतू. पेटी भरायची कशाने? रविवारच्या दानाने आणि अशाच दंडांनी. पापाच्या पैशातून विधवेला पीठ, असा सरळ हिशोब.

गाव सोडून जायचं तर सेशनचा दाखला लागायचा. प्रभुभोजनाआधी वडील घरोघरी प्रश्न विचारायचे, आणि पास झालेल्याला शिशाचा छोटा बिल्ला मिळायचा. बिल्ला असेल तरच टेबलाशी जागा. हे बिल्ले आता संग्राहक जमवतात, मी एक जुन्या बाजारात हातात घेऊन पाहिला. बोटाएवढा, गुळगुळीत झालेला, पॅरिशचं आद्याक्षर तेवढं उरलेलं.

शाळांबद्दल. १५६० च्या आराखड्यातच प्रत्येक चर्चला शाळामास्तर हवा असं लिहिलेलं. पैसे कुठून? जुन्या चर्चच्या जमिनी सरदारांनी आधीच गिळलेल्या. शेवटी १६९६ चा कायदा: प्रत्येक पॅरिशने शाळा आणि मास्तरचा पगार द्यायचा. तरी गोडवे गाताना सांभाळून. वाचायला आधी शिकवायचे, कारण बायबल वाचायचंय. लिहिण्याची फी वेगळी. त्यामुळे वाचता येतं पण सही करता येत नाही अशा बायका पुष्कळ.

आणि हो, नाताळ! नॉक्सच्या वारसांना तो बायबलमध्ये कुठे सापडला नाही. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९५८ साली. आमच्या शेजारच्या आजोबांचे वडील नाताळला नेहमीसारखे कामावर जायचे.

---

नगरची_लेक

इतका वेळ नुसती वाचत होते, पण 'वडील' शब्द आला आणि राहवलं नाही. आमच्या मराठी बायबलात एल्डरला 'वडील'च म्हटलंय. लहानपणी मला वाटायचं सगळ्या मंडळीचे हे बाबा की काय.

आपल्याकडे हा पंथ दोन वाटांनी आला. एक अमेरिकन वाट: गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ पासून नगर. ही न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांची नातवंडं-पतवंडं, काँग्रिगेशनल. म्हणजे मंडळीचा कारभार मंडळीने बघायचा, वर बिशप नाही. दुसरी स्कॉटिश वाट: १८२३ पासून बाणकोट-हर्णे, मग मुंबई-पुणे. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, मार्गारेट विल्सनबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या.

@दगडी_पाटी, १८४३ च्या फुटीबद्दल लिहा ना. पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, यावर स्कॉटलंडचं चर्च दुभंगलं. साडेचारशेहून जास्त पाळक घरदार-पगार सोडून बाहेर पडले. त्याचे पडसाद थेट मुंबईत! विल्सन बाहेर पडलेल्यांच्या फ्री चर्चकडे गेले, आणि नवी बांधलेली शाळेची इमारत जुन्या चर्चकडे राहिली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्या धडपडीचं फळ.

जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले हे सगळ्यांना ठाऊक असतं. नगरला सिंथिया फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहून त्यांनी १८४८ ची शाळा काढायचं मनावर घेतलं, हे कमी जण सांगतात. फॅरारबाई १८२७ मध्ये एकट्या, अविवाहित आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. याचं श्रेय कॅल्व्हिनला द्यावं का? मी नाही देणार. फुल्यांनी तिथून जे घेतलं ते स्वतःच्या अटींवर घेतलं. पण बाईमाणसाला वाचता आलंच पाहिजे हा हट्ट त्या परंपरेत होता, हे खरं.

एका बाबतीत मात्र आम्ही जिनिव्हाला पार हरवलं. तिथे फक्त स्तोत्रं, तीही एका सुरात, वाद्याशिवाय. आमच्याकडे एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं उभी राहिली, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंगच आणले. टाळ, तबला, पेटी. कॅल्व्हिनसाहेब आमच्या रविवारी आले असते तर दारातूनच परतले असते. किंवा मागच्या बाकावर बसून हळूच ठेका धरला असता, सांगता येत नाही.

---

खडूस_काका

नगरची_लेक, सुंदर. पण दुसरं टोकही लिहा. टेबलाशी सगळे सारखे म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत काय केलं? १८५७ मध्ये केपच्या डच रिफॉर्म्ड धर्मसभेने कबूल केलं की गोऱ्या-काळ्यांनी एकत्र उपासना करणं इष्ट आणि शास्त्राला धरून, पण 'काहींच्या दुबळेपणामुळे' वेगळं बसायला हरकत नाही. १८८१ मध्ये वेगळं मिशन चर्चच झालं. १९४८ मध्ये वंशभेदाचं धोरण घेऊन सत्तेवर आलेले मलान हे स्वतः त्याच चर्चचे माजी पाळक. 'काहींच्या दुबळेपणामुळे'! आपल्याकडेही वेगळ्या पंगतीची कारणं अशीच नम्र असायची.

---

नदीकाठ

काका, त्याच चर्चचे बेयर्स नॉडेही होते. पाळकाचा मुलगा, ब्रुडरबाँड या गोऱ्या आफ्रिकानरांच्या गुप्त संघटनेचा सभासद, आणि १९६३ मध्ये सगळ्यावर पाणी सोडून वंशभेदाविरुद्ध उभा राहिलेला. १९७७ पासून सात वर्षं सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम ठेवला. आणि १९८२ मध्ये ओटावाला जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चांनी वंशभेदाचं समर्थन हे पाखंड आहे असं ठरवलं. पाखंड! सर्व्हेटसला लावलेला शब्द चारशे वर्षांनी इथे वापरला. या वेळी जाळलं नाही कोणाला, टेबलावरून उठवलं. वंशभेदाची बाजू घेणाऱ्या दोन गोऱ्या चर्चांचं सभासदत्व स्थगित केलं.

---

डोंगरपोस्टिंग

बँकेच्या बदलीमुळे तीन वर्षं आयझॉलला काढली, म्हणून थोडं. मिझोराममधलं प्रेस्बिटेरियन चर्च वेल्समधून आलं. त्या पंथाचं जुनं नावच 'कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट', १८४१ पासून खासी डोंगरात आणि १८९७ पासून मिझो डोंगरात. रविवारी शहर कडकडीत बंद. पहिल्या रविवारी दूध आणायला बाहेर पडलो आणि हात हलवत परत आलो.

मला भावली ती 'बुहफाइ थाम', मूठभर तांदूळ. घरातली बाई स्वयंपाक करताना प्रत्येक वेळी एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात टाकते, तो गोळा होऊन चर्चकडे जातो, विकून पैसा होतो. १९१० च्या सुमारास सुरू झालेली प्रथा, अजून चालू. आमच्या घरमालकीणबाईंनी कधी चुकवलेली पाहिली नाही. आणि बखरवाला, त्याचा हिशोब वहीत असतो, हे सांगायला नकोच.

---

शंकासुर

मूळ धाग्याकडे येतो. ही पेशी गरिबांचीच व्हायची की बड्यांचीही? आपला अनुभव वेगळा आहे म्हणून विचारतो.

---

बखरवाला

बड्यांचीही, आणि लोकांना तेच जास्त खुपायचं. १५४६ मध्ये एका लग्नात नाच झाला. नाचणाऱ्यांत नगरसेनापती आमी पेराँची बायको होती, आणि आंब्लार कोर्न होते. हे कोर्न शहराच्या चार मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक, वर कॉन्सिस्टरीचे प्रमुख! दोघांनाही तुरुंगाची हवा खावी लागली. कोर्ननी मुकाट चूक कबूल केली. पेराँबाईंनी कॉन्सिस्टरीला तोंडावर सुनावलं.

१५५७ मध्ये तर खुद्द कॅल्व्हिनच्या घरातलं प्रकरण आलं. भाऊ आंत्वान तिथेच राहायचा. त्याच्या बायकोचे कॅल्व्हिनच्याच नोकराशी संबंध असल्याचा आरोप, आणि शेवटी घटस्फोट. गावात कुजबुज किती झाली असेल!

पण माझं आवडतं प्रकरण फारेलचं. कॅल्व्हिनला जिनिव्हात थांबवणारा तोच फारेल, जन्मभराचा मित्र. १५५८ मध्ये वयाच्या ६९ व्या वर्षी त्याने लग्न करायचं ठरवलं, एका कोवळ्या पोरीशी. जरठकुमारी विवाहच म्हणा. कॅल्व्हिन हबकला. लग्नाला गेला नाही.

---

नगरची_लेक

आहेर पाठवला का?

---

बखरवाला

आहेर कसला! फारेलच्या सहकारी पाळकांना पत्र पाठवलं. म्हाताऱ्याने आयुष्यभर केलेली सेवा आठवा आणि सांभाळून घ्या, अशा अर्थाचं. इतरांना जी सूट मिळाली नसती ती मित्राला मिळाली, एवढं मात्र वहीबाहेर.